*डिजिटल शाळा : संगणकावरचं ईमेल उघडेना, तर काय करायचं?*



आजचा पाठ पिकाचा नाही, पण पिकाच्या पैशाशी त्याचा थेट संबंध आहे. सोयाबीनचा हंगाम जोरात असतो, गोदामात माल उतरत असतो आणि नेमकं त्याच दिवशी संगणकावरचं ईमेल उघडत नाही. चिन्हावर क्लिक केलं तरी काहीच होत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारा." तिथूनच खरं नुकसान सुरू होतं.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांत काही सभासदांचं कृषी सेवा केंद्र आहे, कोणाची दालमिल आहे, कोणी बियाणे प्रक्रियेचं काम करतं, कोणी बचत गटाचं किंवा शेतकरी गटाचं लिखापढीचं काम पाहतं. अशा ठिकाणी संगणक असतो आणि त्यावर आउटलूक किंवा थंडरबर्डसारखा ईमेलचा प्रोग्राम असतो. तो बंद पडल्यावर कारंजा किंवा मानोऱ्याहून संगणक गाडीवर टाकून वाशिमला न्यायचा, म्हणजे हंगामातला एक दिवस गेला. बऱ्याच वेळा हे दुखणं घरच्या घरी, पैसा न घालता दुरुस्त होतं. फक्त क्रम चुकवायचा नाही.

हा मेसेज सेव्ह करून ठेवा. संगणकाचं ईमेल बंद असेल, तेव्हा फोनवर हाच मेसेज उघडून एकेक पायरी करता येईल. घरात शिकणारा मुलगा-मुलगी असेल, तर त्यांनाही सोबत बसवा.

*ईमेल एवढं महत्त्वाचं का?*

व्यवहाराची बोलणी आपण फोनवर करतो, पण लेखी कागद ईमेलवर येतो. खरेदीदाराची ऑर्डर, मालाच्या तपासणीचा रिपोर्ट, गाडीचे कागद, बँकेची पत्रं, सगळं तिथेच. जीएसटीचा ओटीपी ईमेलवरही येतो. कंपनीच्या संचालकांचं केवायसी करताना मोबाइल आणि ईमेल, दोन्हीकडचे ओटीपी लागतात. कंपनीची वार्षिक विवरणपत्रं उशिरा भरली, तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा फी लागते. तो पैसा शेवटी आपणा सगळ्या सभासदांच्या खिशातूनच जातो.

एक हिशोब पाहा. समजा, खरेदीदाराने ईमेल पाठवलं की २०० क्विंटल सोयाबीन, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, आज पाच वाजेपर्यंत होकार कळवा. बाजारापेक्षा क्विंटलला ५० रुपये जास्त. ईमेल उघडलं नाही, होकार गेला नाही, ऑर्डर दुसरीकडे गेली. २०० गुणिले ५० म्हणजे १०,००० रुपये गेले. संगणक मात्र ठणठणीत होता, फक्त एक प्रोग्राम अडकला होता.

*१) आधी काम वाचवा, मग संगणक बघा*

सर्वात महत्त्वाची गोष्ट ही की ईमेल आणि ईमेलचा प्रोग्राम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माल गोदामात सुरक्षित असतो आणि शटर अडकलेलं असतं, तसा हा प्रकार. शटर अडकलं म्हणून कोणी गोदाम पाडत नाही. बाजूच्या दाराने आत जातो, माल काढतो आणि शटरचं मग बघतो.

ईमेलचं बाजूचं दार म्हणजे तुमच्या हातातला फोन.

▪️ जीमेलचा पत्ता असेल, तर फोनमधलं जीमेल ॲप उघडा. तो पत्ता त्यात नसेल, तर वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा आणि दुसरं खातं जोडा.
▪️ दुसऱ्या कंपनीचा पत्ता असेल, तर क्रोममध्ये त्यांचं संकेतस्थळ उघडून लॉगिन करा.
▪️ तातडीचं ईमेल दिसलं की लगेच दोन ओळींचं उत्तर पाठवा. "आपली ऑर्डर मिळाली, मान्य आहे, सविस्तर कागद संध्याकाळपर्यंत पाठवतो." एवढं पुरे.
▪️ सोबतची फाइल फोनवर डाउनलोड करून ठेवा.

कुठल्याही संगणकावरून, ब्राउझरमध्ये ईमेल पाहायची सोय आता जुनी झाली. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं, ते याच कल्पनेवर. तेव्हा संगणक शोधावा लागायचा. आज तेच दार आपल्या खिशात आहे.

⚠️ एक अपवाद लक्षात ठेवा. काही जुन्या संगणकांवर ईमेल अशा पद्धतीने लावलेलं असतं की आलेलं पत्र संगणकात उतरतं आणि सर्व्हरवरून पुसलं जातं. या पद्धतीला पीओपी म्हणतात. अशा वेळी जुनी पत्रं फोनवर दिसणार नाहीत, ती फक्त त्या संगणकातल्या एका फाइलमध्ये असतात. फोनवर फक्त नवीन पत्रं दिसत असतील आणि मागच्या वर्षीची एकही दिसत नसेल, तर हाच प्रकार समजा. तुमच्या संगणकातली ती फाइल म्हणजे सातबारासारखी जपायची वस्तू. तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

*२) रोग ओळखा, मग औषध*

सोयाबीन पिवळं पडलं की आपण लगेच फवारा मारत नाही. पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक आहे, की लोहाची कमतरता आहे, हे पान पाहून ठरवतो. इथेही तसंच करायचं. चारपैकी कोणतं लक्षण आहे, ते बघा.

*लक्षण अ:* क्लिक केलं, पण काहीच उघडत नाही.
*लक्षण आ:* प्रोग्रामचं नाव आणि चित्र दिसतं, "प्रोफाइल लोड होत आहे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं आणि तिथेच अडकतं.
*लक्षण इ:* एक चौकट येते, त्यात काहीतरी बिघाड लिहिलेला असतो आणि प्रोग्राम बंद होतो.
*लक्षण ई:* प्रोग्राम उघडतो, पण पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो किंवा नवीन पत्र येत नाही.

शेवटच्या लक्षणात प्रोग्राम बिघडलेलाच नसतो. इंटरनेट, पासवर्ड किंवा भरलेलं खातं हे कारण असतं. त्यासाठी थेट मुद्दा ५ वाचा.

चौकट आली, तर बंद करण्याआधी फोनने तिचा फोटो काढा. तुम्ही कोणालाही मदत मागा, तो पहिला प्रश्न हाच विचारतो की नेमकं काय लिहून आलं. फोटो असेल, तर अर्धा वेळ वाचतो.

*३) सात पायऱ्या, याच क्रमाने*

पुढच्या पायऱ्या विंडोजवरच्या जुन्या पद्धतीच्या आउटलूकसाठी आहेत, कारण बहुतेक ठिकाणी तेच वापरात दिसतं. सोपी पायरी आधी, अवघड नंतर. एका पायरीने काम झालं, की तिथेच थांबा.

*पायरी १ : अडकलेला प्रोग्राम पूर्ण बंद करा.*
वरून बंद दिसला, तरी तो आत चालू असू शकतो. मग दुसऱ्यांदा क्लिक केलं तरी उघडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत आउटलूक शोधा, त्यावर क्लिक करा आणि एंड टास्क दाबा. मग पुन्हा उघडून पाहा. लक्षण अ असेल, तर इथेच काम होण्याची शक्यता मोठी.

*पायरी २ : संगणक रीस्टार्ट करा.*
इथे एक बारीक गोष्ट आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये शट डाउन केलं, तरी संगणक पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावा म्हणून काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवतो. त्यामुळे अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहू शकते. *शट डाउन नको, रीस्टार्टच निवडा.*
सोबतच सी ड्राइव्हमध्ये जागा आहे का, तेही पाहा. पट्टी लाल झाली असेल, तर रिसायकल बिन रिकामा करा आणि डाउनलोडमधले नको असलेले व्हिडिओ काढा. जागाच नसेल, तर कुठलाही प्रोग्राम नीट चालणार नाही.

*पायरी ३ : सेफ मोडमध्ये उघडा.*
कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर हे अक्षर एकदम दाबा. छोटी चौकट येईल. त्यात इंग्रजी अक्षरांत असं टाइप करा : आउटलूक, लगेच डॉट, लगेच ई-एक्स-ई, मग एक मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला चिकटून सेफ. एंटर दाबा. तिरपी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची.
हे जमत नसेल, तर कंट्रोल बटण दाबून धरा आणि आउटलूकवर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का, असा प्रश्न येईल. हो म्हणा.

*पायरी ४ : सेफ मोडमध्ये उघडलं, तर जोडकाम काढा.*
सेफ मोडमध्ये उघडतं आणि एरवी उघडत नाही, याचा अर्थ आउटलूक चांगलं आहे, त्याला चिकटलेलं काहीतरी त्रास देत आहे. अँटीव्हायरस, पीडीएफ बनवणारे प्रोग्राम असे अनेक जण आपली शेपटी आउटलूकला जोडतात. त्यांना ॲड-इन म्हणतात.
फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲड-इन्स असं जा. सगळ्यात खाली मॅनेज लिहिलेलं दिसेल, तिथे कॉम ॲड-इन्स निवडून गो दाबा. सगळ्या टिका काढा, ओके करा. आउटलूक बंद करून नेहमीसारखं उघडा. उघडलं, तर एकेक टिक परत लावून बघा. ज्या टिकेनंतर पुन्हा अडकेल, तो दोषी. त्याला बाहेरच ठेवा.

*पायरी ५ : डावीकडची यादी नव्याने बनवा.*
"आउटलूकची खिडकी उघडता येत नाही" अशा अर्थाची चौकट येत असेल, तर डाव्या बाजूच्या फोल्डरच्या यादीची सेटिंग बिघडलेली असू शकते. विंडोज आणि आर दाबून पुन्हा तीच चौकट आणा. आउटलूक डॉट ई-एक्स-ई, मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून रीसेट-नॅव्ह-पेन हे तिन्ही शब्द इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता लिहा. स्पेलिंग अशी : आर-ई-एस-ई-टी-एन-ए-व्ही-पी-ए-एन-ई. तुम्ही वर लावून ठेवलेले आवडते फोल्डर तिथून जातील, पण पत्रांना धक्का लागत नाही.

*पायरी ६ : नवीन प्रोफाइल तयार करा.*
लक्षण आ असेल, तर ही पायरी कामाची. कंट्रोल पॅनल उघडा, त्यात मेल नावाचं चिन्ह शोधा. शो प्रोफाइल्स, मग ॲड. एखादं नाव द्या, उदाहरणार्थ "नवे", आणि ईमेलचा पत्ता व पासवर्ड भरा. खाली प्रत्येक वेळी प्रोफाइल विचारण्याचा पर्याय निवडा. आता आउटलूक उघडताना नवीन नाव निवडा. *जुनं प्रोफाइल पुसू नका.* दोन-चार आठवडे सगळं नीट चाललं, जुनी पत्रं सगळी दिसली, मगच त्याचा विचार करा.

*पायरी ७ : ऑफिसची दुरुस्ती.*
कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्राम्स अँड फीचर्स उघडा. यादीत मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर क्लिक करून चेंज दाबा. दोन पर्याय येतील. आधी क्विक रिपेअर करा, त्याला इंटरनेट लागत नाही. त्याने जमलं नाही, तरच ऑनलाइन रिपेअर. त्यात ऑफिस पुन्हा डाउनलोड होतं, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपू शकतो. ते काम चांगलं इंटरनेट असलेल्या ठिकाणी करा.

▪️ *नवीन आउटलूक* असेल, तर त्यात पायरी ३, ४, ५ आणि ६ लागू होत नाहीत. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत आउटलूक शोधा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधी रिपेअर, नाहीच जमलं तर रीसेट करा.
▪️ *थंडरबर्ड* असेल, तर शिफ्ट बटण दाबून धरून उघडा, त्याचा सेफ मोडसारखा मोड सुरू होतो. "आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही" अशा अर्थाची चौकट आली, तर पायरी १ करा.

*४) पीएसटी फाइल : हा तुमचा खरा माल*

आउटलूक पत्रं दोन प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतं. एकाचं नाव ओएसटी, ती सर्व्हरवरच्या पत्रांची नक्कल असते, बिघडली तर सर्व्हरवरून पुन्हा तयार होते. दुसरी पीएसटी. पीओपी पद्धत असेल, तर सगळी जुनी पत्रं फक्त पीएसटीमध्येच असतात. ती गेली, तर मागच्या पाच वर्षांचा पत्रव्यवहार गेला. एखाद्या खरेदीदाराशी पैशावरून वाद झाला, तर दाखवायला हातात काही राहत नाही.

आपल्याकडे ही फाइल बिघडायचं मोठं कारण म्हणजे अचानक जाणारी लाइट. आउटलूक उघडं असताना संगणक धपकन बंद पडला, की फाइल अर्धवट लिहिलेली राहते. पुढच्या वेळी "फाइल नीट बंद झाली नव्हती, तपासणी सुरू आहे" अशा अर्थाचा संदेश येतो. तेव्हा आउटलूक अडकल्यासारखं वाटतं, पण ते काम करत असतं. *अशा वेळी थांबा.* फाइल मोठी असेल, तर बराच वेळ लागतो. घाईत पुन्हा बंद केलं, तर दुखणं वाढतं.

थांबूनही उघडलं नाही, तर असं करा.

१. आउटलूक पूर्ण बंद करा.
२. डॉक्युमेंट्समध्ये आउटलूक फाइल्स नावाचा फोल्डर असतो. त्यातली पीएसटी फाइल शोधा आणि पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर तिची कॉपी करा. *कॉपी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.* फोल्डर तिथे नसेल, तर सी ड्राइव्हमध्ये पीएसटी असं लिहून शोधा.
३. आउटलूकसोबतच एक दुरुस्तीचं साधन येतं, त्याचं नाव स्कॅनपीएसटी. सी ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाइल्समध्ये हे नाव टाकून शोधा. वेगळं विकत घ्यायची गरज नाही.
४. ते उघडा, आपली फाइल निवडा, स्टार्ट दाबा. दोष सापडले, तर बॅकअपची टिक ठेवून रिपेअर दाबा. कधी कधी दोन-तीनदा चालवावं लागतं.

फाइल किती मोठी झाली, तेही पाहा. आउटलूक २०१० पासून पुढे पीएसटीची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे, त्याआधीच्या २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी होती. फाइल त्या आकड्याजवळ पोचली असेल, तर जुनी पत्रं वेगळ्या फाइलमध्ये हलवायची वेळ झाली.

आणि दुरुस्तीवाल्याकडे संगणक द्यायचाच झाला, तर देण्याआधी स्पष्ट सांगा, "फॉरमॅट मारण्याआधी पीएसटीची कॉपी मला दाखवा." तो भला माणूस असतो, पण तुमची पत्रं कुठे आहेत, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

*५) प्रोग्राम उघडतो, पण पत्र येत नाही*

यात चार कारणं मुख्य आहेत.

*अ) प्रोग्रामच कालबाह्य झाला.* विंडोज १० सोबत येणारा मेल नावाचा साधा प्रोग्राम अनेक जण वापरत होते. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा आधार बंद केला. त्यानंतर त्यातून पत्र पाठवता किंवा घेता येत नाही. तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा किंवा दुसरा प्रोग्राम घ्या. विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते चालतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वीसारख्या आपोआप मिळत नाहीत.

*आ) जीमेलने नियम बदलला.* ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी जुन्या प्रोग्राममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून चालत नाही. जुन्या आउटलूकने पासवर्ड पुन्हा पुन्हा मागितला, तर पासवर्ड चुकला असं समजून तो बदलत बसू नका. नवीन आवृत्तीत गुगलची लॉगिनची खिडकी येते, तिथून आत जा. जुन्या आवृत्तीसाठी गुगल खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड बनवावा लागतो.

*इ) खातं भरलं.* गुगल फुकटात १५ जीबी जागा देतं. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. म्हणजे सकाळचे सुविचार आणि लग्नाचे व्हिडिओ बॅकअपमध्ये साठत गेले, की एक दिवस खरेदीदाराचं ईमेल परत जातं! व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअप उघडा आणि त्यात व्हिडिओची टिक काढा.

*ई) आउटलूक ऑफलाइन आहे.* वर सेंड / रिसीव्ह मध्ये वर्क ऑफलाइन हे बटण चुकून दाबलं गेलेलं असतं. पुन्हा एकदा दाबलं, की झालं.

*६) हे अजिबात करू नका* 🚫

▪️ गुगलवर "आउटलूक कस्टमर केअर नंबर" शोधून आलेल्या नंबरवर फोन करू नका. असे खोटे नंबर मुद्दाम टाकलेले असतात.
▪️ फोनवरचा माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगत असेल, तर फोन ठेवा. त्याला तुमचं ईमेल दुरुस्त करायचं नसतं, बँकेचा ओटीपी पाहायचा असतो.
▪️ व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल टाकू नका, मग ती कोणाच्याही नावाने आलेली असो.
▪️ ईमेल बंद असतानाच्या गडबडीत "आमचा बँक खाते क्रमांक बदलला" असं पत्र आलं, तर आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. पत्रातल्या नंबरवर नाही.
▪️ पैसे गेलेच, तर उशीर न करता *१९३०* या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

*७) वारणेची गोष्ट : संगणक की फोन?*

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं, ती साखर कारखान्याशी जोडलेली. ऊस उत्पादकाला आपली तोडणी, वजन, खताची उचल यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू. कल्पना चांगली होती, पण संगणक सांभाळणं महाग आणि अवघड पडत गेलं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या संशोधकांनी तिथल्या सात गावांत प्रयोग केला आणि संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती द्यायला सुरुवात केली. ते शेतकऱ्यांना सोयीचं आणि कारखान्याला स्वस्त पडलं.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. संगणक टाकाऊ नाही. मोठं पत्र, हिशोबाचा तक्ता, ऑर्डरचं बिल संगणकावरच नीट होतं. पण जे काम थांबलं तर नुकसान होतं, त्या कामाला दोन वाटा हव्यात. बोअरची मोटर जळाली तर पाणी कुठून, हे आपण आधीच ठरवतो. ईमेलचंही तसंच ठरवून ठेवायचं.

*८) पुन्हा अडू नये म्हणून*

✅ गटाचं किंवा दुकानाचं ईमेल किमान *दोन* फोनवर चालू ठेवा. दोघे वेगवेगळ्या घरातले असावेत.
✅ खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे, ते आज तपासा. काम सोडून गेलेल्या मुलाचा नंबर असेल, तर लगेच बदला. पुढे खातं अडकलं, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल.
✅ पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिकटवू नका. बंद पाकिटात, अध्यक्ष किंवा सचिवांच्या कपाटात ठेवा.
✅ पीएसटी असेल, तर महिन्यातून एकदा तिची कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. ज्या दिवशी महिन्याचा हिशोब बंद करता, त्याच दिवशी हेही.
✅ शक्य असेल, तर छोटा यूपीएस लावा. तो संगणक तासभर चालवण्यासाठी नाही, लाइट गेल्यावर आउटलूक नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत म्हणून आहे.
✅ कधीतरी बनवलेलं आणि विसरलेलं जीमेल असेल, तर एकदा उघडा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल बंद करू शकतं, हा नियम २०२३ मध्ये आला.

*📝 आजचा गृहपाठ, वेळ १० मिनिटं*

१. तुमच्या कामाचं ईमेल आत्ता फोनवर उघडून पाहा. मागच्या वर्षीचं एक पत्र शोधा. सापडलं का?
२. खात्यात किती जीबी भरली, ते बघा.
३. ईमेलला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का?
४. संगणकावर पीएसटी आहे का? असेल, तर तिची शेवटची कॉपी कधी घेतली?

चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर "माहीत नाही" असेल, तर ते काम हंगामाच्या गर्दीआधी उरकून घ्या.

*थोडक्यात लक्षात ठेवायचं :* आधी फोनवर पत्र पाहा आणि उत्तर द्या. चौकटीचा फोटो काढा. पूर्ण बंद करा, रीस्टार्ट करा, सेफ मोड पाहा, ॲड-इन काढा, यादी रीसेट करा, नवीन प्रोफाइल करा, शेवटी दुरुस्ती. आणि पीएसटीची कॉपी घेतल्याशिवाय फॉरमॅट नाही.

यातल्या पायऱ्या करूनही प्रोग्राम उघडला नाही, तर चौकटीचा फोटो आणि तुम्ही कोणत्या पायरीपर्यंत आलात, एवढं या क्रमांकावर पाठवा. पासवर्ड आणि ओटीपी पाठवू नका, आम्ही ते कधीच मागत नाही.

गटातल्या ज्या सभासदाकडे लिखापढीचं काम आहे, त्याला हा मेसेज नक्की पुढे पाठवा. 🙏

आपली शेतकरी उत्पादक कंपनी
जिल्हा वाशिम